न्युरेंबर्गचा मरवा, अकोटच्या निखाऱ्यावर

व्हिसाच्या फॉर्मवर धंदा काय लिहायचा, इथूनच आमचा जर्मनीचा प्रवास सुरू झाला. अमरावतीचा एजंट म्हणाला, "बिझनेस लिहा. शेती लिहिली की अडकवतात." रफिकभाईंनी फॉर्म त्याच्या हातातून काढून माझ्यापुढे ठेवला.

"शेतीच लिव, विलास. कापूस दाखवाले चाललो अन् शेती लपवू का?"

ती कापसाची फार वाईट वर्षं होती. वऱ्हाडाचं नाव पेपरात यायचं ते एकाच कारणासाठी. आमचा वीस-पंचवीस जणांचा गट बिनफवारणीचा कापूस लावायचा. तो घेणाऱ्या जर्मन कंपनीला न्युरेंबर्गच्या प्रदर्शनात आपल्या टेबलामागे दोन खरे शेतकरी उभे करायचे होते, जाण्यायेण्याचा खर्च त्यांचा. गटाने मला निवडलं, कारण मला इंग्रजी येतं असा सगळ्यांचा गैरसमज होता. आणि अकोटजवळचे रफिकभाई, कारण त्यांच्यासारखा कापूस कोणाचाच निघत नसे. ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीने मुंबई, तिथून विमानाने फ्रँकफर्ट आणि पुढे अडीच तासांची रेल्वे.

फेब्रुवारीत जाणार असाल तर एक ऐका: इथून विकत घेतलेले लोकरीचे हातमोजे तिथे काही कामाचे नाहीत. पहिल्या दिवशी हॉटेलपासून प्रदर्शनापर्यंत चालत गेलो आणि कान जागेवर आहेत की नाही हे दोनदा चाचपून पाहिलं.

दिवसभर लोक यायचे, बोंडातला कापूस बोटांनी चेपून पाहायचे आणि मग हळूच तुमच्याकडच्या बातम्या खऱ्या का, असं विचारायचे. एका बाईंचा प्रश्न मी रफिकभाईंना सांगितला. ते म्हणाले, "सांग त्याईले, खऱ्या हायेत. पण तिथी माणसं जगून बी राहिली. आमी आलो नं." मी माझ्या इंग्रजीत कसंबसं सांगितलं. बाईंनी त्यांचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला.

दुपारच्या सुटीत मात्र मी सगळं विसरायचो. बाहेरच्या चौकात एक जाडजूड काका लाकडाच्या निखाऱ्यावर सॉसेज भाजायचे. बोटाएवढे. मसाला घातलेला खिमा मेंढीच्या पातळ आतड्यात भरलेला. गोल कडक पावात तीन घालायचे आणि वरून मोहरीचं पिवळं वाटण. दोन युरोच्या आसपास, आणि उभ्याउभ्याच खायचं. पहिला घास घेतला की आतडं कट्कन तुटतं आणि आतला रस हनुवटीवर येतो. ते डुकराचं असतं हे मला ठाऊक होतं. पण रानडुकरांनी दहा वर्षं माझी तूर खाल्ली होती, त्यामुळे मी काही फार विचार केला नाही.

रफिकभाईंचं जेवण चार दुकानं सोडून एका तुर्की माणसाच्या हॉटेलात. तिथलं मटण त्यांना चालायचं आणि आवडायचंही. पण आधी ते माझ्याबरोबर चौकात यायचे. मी खात असताना शेगडीच्या धुराच्या बाजूला, हात कोटाच्या खिशात घालून उभे राहायचे. सहाच्या सहा दिवस.

"इकडे या की, धूर लागतोय तुम्हाला," मी म्हणायचो.

"राहू दे. भल्ली थंडी हाये."

मी तीन-तीन पाव खाऊन बोटं चाटत उभा असायचो.

परत आलो. गटाच्या प्रत्येक बैठकीत मी त्या सॉसेजचं कौतुक सुरू करायचो. लोक हसायचे, रफिकभाई ऐकायचे. दिवाळी झाली, वेचणी सुरू झाली, आणि एका सकाळी त्यांचा फोन आला.

"विलास, ते एकदा करू. बकऱ्याचं. मले पाह्याचं हाये, काय होतं ते."

फोन ठेवला आणि मला शरम वाटली. सहा दिवस एक माणूस माझ्याशेजारी उभा राहून, त्याला चालत नाही ते, माझ्या तोंडून ऐकत आणि नाकाने घेत होता. आणि त्यानंतर नऊ महिने मी त्याला तेच ऐकवत होतो. आता ते त्यांना खाऊ घालायचंच असं ठरवलं. पण कागद-पेन घेऊन बसलो तर मीठ आणि मिऱ्यापुढे मला काही आठवेना. आणखी काहीतरी होतं त्यात, एवढंच आठवत होतं. शेवटी मीच फोन केला.

"मरवा होता," रफिकभाई लगेच म्हणाले. "अम्मीच्या कुंडीत असे. पयल्याच दिवशी वळखला मी."

आपण गजऱ्यात घालतो तो मरवा. मी पंधरा-वीस पाव खाऊन जे ओळखलं नाही, ते त्यांनी न खाता ओळखलं होतं.

अमरावतीला राजापेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी फुलवाल्या मावशी बसतात. त्यांना म्हटलं, मरव्याच्या सगळ्या जुड्या द्या.

"एवढ्याचे गजरे कोणाले?"

"गजरे नाही मावशी, खायला."

"काहून, बकरी पाळली का?"

राहिली मोहरी. आमच्या घरी मटण शिजत नाही. पण लोणच्यासाठी मोहरी फेसावी तर वंदनाने, माझ्या बायकोने. पाणी शिंपडत खलबत्त्यात अशी फेसते की बाहेरच्या खोलीत बसलेल्याच्या डोळ्यांत पाणी यावं. तिने एक बरणी भरून दिली. "मोहरी न्या. पण बरणी परत आणू नका," म्हणाली.

अमरावती, परतवाडा, अंजनगाव, अकोट. एसटीने तीन तास, आणि रस्ता तेव्हा असा होता की अंजनगावच्या पुढे बरणी मांडीवरच घ्यावी लागली. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला आणि वेचणाऱ्या बायकांच्या रांगा. परतवाड्याच्या स्टँडवर गरम आलूबोंडा मिळतो, तो चुकवू नका.

रफिकभाईंच्या अंगणात शमीमभाभींनी आतडी मीठ-चुन्याने धुऊन, काडीवर उलटून, पुन्हा धुऊन ठेवली होती. खिमा तयार होता. भाभी त्यात आलं-लसूण घालायला निघाल्या, तर रफिकभाईंनी हात धरला. "नोको. तिथी लसनाचा वास नोता." मीठ, मिरं, मरवा, बस. भाभींना हा खिम्याचा अपमान वाटला. नव्या नरसाळ्यातून अंगठ्याने खिमा दाबत त्या म्हणाल्या, "इतका फिका तं बिमार माणसाले बी कोनी देत नाई."

आणि मग आम्ही आमच्या पद्धतीने चूक केली. वऱ्हाडात शेतकऱ्याच्या घरी जाळ म्हणजे पऱ्हाटी, कापसाची वाळलेली झाडं. घराच्या मागे ढीग लागलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या कशाचा विचारच येत नाही. पऱ्हाटी कागदासारखी पेटते. जाळ वर आला आणि फट्-फट् करत बाराच्या बारा सॉसेज फुटले, खिमा विस्तवात. रफिकभाई चिमटा हातात धरून नुसते बघत राहिले. त्यांचा चेहरा बघवेना मला.

"कापसानं इथी बी सोडलं नाई," ते म्हणाले.

भाभींनी राख बाजूला ओढली, बाभळीची दोन लाकडं आणून टाकली आणि निखारे पडेपर्यंत कोणालाही चुलीजवळ येऊ दिलं नाही. पाऊण तास. आतडी आता सातच सॉसेजपुरती उरली होती. ते हळूहळू भाजले, तांबूस झाले. अकोटच्या बेकरीचे गोड पाव चिरून त्यात घातले, वर वंदनाची मोहरी.

पहिला घास मी घ्यावा असं रफिकभाईंचं म्हणणं. "तुले चव मालूम हाये. खरं सांगजो."

मी चावलं. आतडं चामट, पाव गोड, मोहरी थेट मेंदूत गेली. चांगलं होतं, पण ते नव्हतं. नऊ महिने ज्यासाठी माणूस थांबला, त्याला हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. तरी म्हणालो, "नाही, रफिकभाई. तसं नाही झालं."

निखाऱ्यावर अजून दोन सॉसेज होते. उठून ते धुराच्या बाजूला गेले, हात खिशात घातले, डोळे मिटले आणि तसेच उभे राहिले, चौकात उभे राहायचे तसे. मग येऊन पावाचा मोठा घास घेतला. मोहरीने डोळ्यांत पाणी आलं, ते पुसलं नाही.

"तुझं चुकलं असंन," चावत चावत म्हणाले. "माझं बराबर झालं. हेच होतं."

भाभी कधी रिकामं भांडं परत पाठवत नाहीत. निघताना त्यांनी बरणी धुऊन, पाणी भरून, उरलेल्या मरव्याच्या काड्या तिच्यात खोचून दिल्या. वंदना दारातच म्हणाली, "आणलीच का बरणी?" मग काड्या बघितल्या आणि खिडकीत ठेवल्या. दोनेक आठवड्यांत मुळं फुटली.

पुढे ती कंपनी आमचा कापूस घ्यायची थांबली आणि गट मोडला. रफिकभाईंनी सोयाबीन लावलं. वर्षातून एकदा, थंडीत, मी अकोटला जातो आणि बाभळीचे निखारे आम्ही स्वतः पाडतो. न्युरेंबर्गची चव मी आता खरंच विसरलो आहे. खिडकीतल्या कुंडीतलं पान चुरडलं की मला तो चौक दिसतो आणि धुराच्या बाजूला उभे असलेले रफिकभाई. तेव्हा मी त्यांना थंडी वाजतेय समजत होतो.