काम झालं की गप्प बसणारं यंत्र

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर डहाणूत आमच्या चिकू बागायतदारांच्या संघाने कॉम्प्युटर घेतला आणि तो चालवायला मला घेतलं. वापीला क्लास केलेली बाई जवळपास दुसरी नव्हती. अध्यक्ष रानशेतचे मोठे वाडीवाले. त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं, की हंगाम संपेपर्यंत उपयोग दिसला नाही तर यंत्र विकायचं आणि मला मोकळं करायचं. मला नोकरी हवी होती. घरी बसून सासूबाईंबरोबर तांदूळ निवडण्यात मला रस नव्हता.

काम सोपं होतं. वाडीवाले फोन करून पेट्या कळवायचे, मी ते एका फाइलीत टाकायची. चार-दोन कमांड एकाखाली एक लिहून ठेवल्या होत्या. त्या चालवल्या की वाड्या रस्त्याप्रमाणे लागायच्या आणि यादी दुसऱ्या फाइलीत जायची. ती छापून टेम्पोवाल्याला द्यायची. दुपारच्या वाड्या सकाळच्या खाली जोडल्या जाव्यात म्हणून मी मध्ये दोन बाण घातले होते, >> असे. एक बाण जुनं पुसून नवं लिहितो, दोन बाण खाली भर घालतात.

पंचाईत अशी, की हे यंत्र काम नीट झालं तर काहीच बोलत नाही. चुकलं तरच बोलतं. संघाचं ऑफिस बघणाऱ्या मॅनेजरसाहेबांनी असा कर्मचारी आयुष्यात पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी ते माझ्या मागे उभे राहिले. मी एंटर दाबलं. पडदा कोरा.

"बाई, काही झालं नाही."

मी म्हटलं, झालं. त्यांनी पुन्हा चालवायला लावलं, मग आणखी एकदा, आणि छापलेली यादी न बघताच टेम्पोवाल्याच्या हातात दिली. तो आज्ञाधारक माणूस. जितक्या ओळी तितके टेम्पो. कमी पडले ते त्याने तलासरीहून मागवले.

दुपारी अध्यक्ष स्वतः ऑफिसात हजर. "माझ्या दारात तीन टेम्पो उभे आहेत. चिकूंची वरात काढायची आहे का?"

मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडे बोट केलं, मी पडद्याकडे. सांगितलं, की यंत्र काम करून गप्प बसलं, साहेबांना ते पटलं नाही, म्हणून यादी तीनदा जोडली गेली.

"काम करून गप्प बसतं?" अध्यक्षांनी मॅनेजरसाहेबांकडे नीट बघून घेतलं. "मग ते राहू दे. बाई, तुमचं हंगामाअखेर बघू."

त्याच संध्याकाळी मी दोनाचा एक बाण केला, म्हणजे यादी दर वेळी मूळ फाइलीतून नव्याने व्हावी. आणि echo च्या काही ओळी घातल्या. echo पुढे लिहिलेलं पडद्यावर दाखवतो, बाकी काही करत नाही. रोमन अक्षरांत लिहिलं: 'साहेब, काम सुरू आहे.' मग जरा थांबायचं. 'वाड्या लावत आहे.' पुन्हा थांबायचं. 'साहेब, काम झालं.' यादीला लागायचा एक क्षण, बाकी सगळा वेळ या गप्पांचा. मॅनेजरसाहेब खूश. हंगाम संपताना त्यांनी अध्यक्षांना सांगितलं, की बाईंनी यंत्र सुधारलं. मी कायम झाले.

पुढे त्यांनी आणखी एक ओळ मागितली, अध्यक्षांचे आभार मानणारी. घातली. ती पडद्यावरच राहील, यादीत शिरणार नाही, एवढं मात्र मी दोनदा तपासलं. टेम्पोवाल्याने तिच्यासाठीही गाडी पाठवली असती.