कायम झालेले गुरुजी

शाळेत पाऊल टाकलं की वानखडे गुरुजी आधी मला विचारत, "काय बापू, पाटलाचा मिजाज कसा हाय आज?" बरा आहे म्हटलं की प्रार्थना सुरात व्हायची. बिघडलाय म्हटलं की दिवसभर ते माझ्याकडे बघतसुद्धा नसत. न जाणो, चुकून एखादा प्रश्न विचारला जायचा!

मंगरूळपीरजवळच्या आमच्या गावचे पाटील माझे वडील, आणि गुरुजी हंगामी. तपासणीला आलेले डिपोटी साहेब आमच्याकडेच उतरत आणि जेवताना विचारत, "मास्तर कसा आहे?" त्या उत्तरावर गुरुजींचं पोट. मग वर्गात पहिला कोण येणार? अर्थात मी! मला धड अक्षर लागत नव्हतं. पिंजाऱ्याचा इस्माईल घडाघडा वाचायचा, तो दुसरा.

एका तपासणीला गुरुजींनी माझ्याकडून एक धडा तोंडपाठ करून घेतला. मी पुस्तक धरून खणखणीत आवाजात सुरू झालो. मध्येच वारा आला, पानं उलटली, मी आपला चालूच. वाचत असतो तर थांबलो असतो ना! शेजारच्या इस्माईलनं हळूच पानं मागं केली. साहेब खूश झाले. गुरुजींचा सदरा मात्र घामानं चिंब. बाबांनीही जेवताना चार शब्द बरे सांगितले आणि गुरुजी कायम झाले.

त्याच साली इस्माईल पहिला आला आणि मी नापास झालो.

बाबा काठी घेऊनच शाळेत शिरले. "मास्तर! माहं पोरगं नापास? पारसाल तं पयलं होतं!"

"पारसाल मी हंगामी होतो, पाटील." गुरुजींचा आवाज कापत होता. "आता कायम हाय. आता खरं सांगाले कायले भ्यावं? याले वाचताच येत नाही. पटवारी सांगते ते तुमी ऐकता अन् अंगठा देता. यानंबी जलमभर तेच कराव काय?"

बाबांना असं तोंडावर बोलायची गावात कोणाची छाती नव्हती. मला वाटलं, संपले गुरुजी! पण बाबा मटकन आमच्या तरटावर बसले. काठी बाजूला ठेवून म्हणाले, "मंग आता कराव काय?"

"शाळा सुटल्यावर याले माह्याजवळ राहू द्या."

झालं! वर्षभर माझे हाल. चिंचोके मांडून पुन्हा 'ग'पासून सुरुवात. एकदा मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "गुरुजी, तुमी पुन्हा हंगामी व्हा ना!" गुरुजी पोट धरून हसले आणि मग कान पिळून म्हणाले, "वाच." आज ते नाहीत. त्या माणसाची मला फार आठवण येते.

पुढच्या साली मी जेमतेम पास झालो. मी पहिला येत होतो तेव्हा बाबांनी कधी कोणाचं तोंड गोड केलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी शाळेच्या दारात गुळाची ढेप फोडली, पहिला खडा गुरुजींच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "घ्या मास्तर. आज पास झाला माहा पोरगा."