उर्फसकट घर

घर घ्यायचं म्हणजे दाराची दिशा बघायची, स्वयंपाकघरात उजेड येतो का ते बघायचं आणि शेजारी कोण राहतं याची चौकशी करायची, अशी माझी भाबडी समजूत होती. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही सिंगापुरात हौगांगला एक जुना सरकारी फ्लॅट घ्यायचं ठरवलं, आणि रॅफल्स प्लेसच्या एका वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत ती समजूत दूर केली. त्यांना दाराच्या दिशेत काडीचा रस नव्हता. त्यांचा पहिला प्रश्न होता, "तुमच्यापैकी एक जण मेला, तर घर कुणाला?"

आमच्याकडे हा प्रश्न तेराव्याची जेवणं उरकल्यावर, सुपारी कातरता कातरता काकालोक विचारतात. इथे तो किल्ली मिळायच्या आधीच विचारून मोकळे होतात. माझा नवरा जहाजावर इंजिनिअर, वर्षातले निम्मे महिने समुद्रात. आमच्या दोघांत बुडण्याची शक्यता कुणाची जास्त, हे उघड होतं. तो समजूतदारपणे म्हणाला, "हिला." मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

मग कळलं की घर कायमचं आपलं नसतंच. नव्याण्णव वर्षांचा करार, त्यातली काही वर्षं आधीच्या मालकानं वापरून संपवलेली. उरलेली आपण वापरायची आणि शेवटी घर सरकारला परत. वास्तुशांतीसाठी पुण्याहून आलेल्या सासूबाईंना हे सांगितलं, तर त्यांनी तांब्याचा कलश बॅगेतून काढता काढता परत आत ठेवला. "म्हणजे घर घेताय की भाड्यानं राहताय?" त्यांनी विचारलं. वुडलँड्सला आम्ही भाड्यानंच राहत होतो, त्यामुळे फरक समजावून सांगणं अवघड गेलं.

खरी गंमत दुसऱ्या भेटीत झाली. वकीलबाईंनी माझं ओळखपत्र टेबलाच्या एका टोकाला ठेवलं, लग्नाचा दाखला दुसऱ्या टोकाला ठेवला आणि नवऱ्याला विचारलं, "सर, या कागदावर तुमचं लग्न एका बाईशी झालंय. आणि घर तुम्ही दुसऱ्याच बाईबरोबर घेताय. तुमची बायको कुठे आहे?"

बायको त्याच्या शेजारीच बसली होती. पण कागदोपत्री आम्ही दोघी होतो. मी सिंगापूरला आले ती लग्नाच्या आधी, विद्यापीठात संशोधन करायला, आईवडिलांनी ठेवलेलं नाव पासपोर्टवर घेऊन. पुढे पुण्याला जाऊन लग्न केलं. तिथे ताटात तांदूळ पसरले, त्यावर अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि आडनावाबरोबर माझं पाळण्यातलं नावही गेलं. नवं नाव सासूबाईंनी निवडलेलं, मुलाच्या नावाला शोभेल असं. खरेदी करताना मॅचिंग ब्लाउजपीस बघतात त्यातलाच प्रकार. लग्नाच्या दाखल्यावर तेच चढलं. मी परत आले आणि पुन्हा जुन्या नावानं प्रयोगशाळेत जायला लागले. घरात एक, बाहेर एक. कुणाचंच काही अडलं नव्हतं.

"नाव बदलल्याचा काही पुरावा?" वकीलबाईंनी विचारलं.

"तांदूळ," मी म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी सगळा विधी सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि तो तांदूळ आता कुठे आहे असं विचारलं. दुसऱ्या दिवशी त्याचा भात झाला होता. पुरावा वऱ्हाडानं वरणाबरोबर खाल्ला होता.

आमचा दलाल, एक गोड बोलणारा चिनी गृहस्थ, बरोबर आला होता. त्याच्याकडे उपाय तयार होता. "आय्या, सो सिंपल! मॅडमला फक्त ऑक्युपायर दाखवा ला!" (इथल्या वाक्यांना शेवटी 'ला' लागतोच.) ऑक्युपायर म्हणजे घरात राहणारी, पण घर जिच्या मालकीचं नाही अशी व्यक्ती. आमच्याकडे तिला सून म्हणतात. घरात माझा पगारही जाणार होता. मी त्याच्याकडे असं बघितलं असणार, की तो उठून फोन करायला बाहेर गेला.

वकीलबाईंनी दोन वाटा सांगितल्या. एक, मी रीतसर नाव बदलून लग्नातलं नाव कायमचं घ्यायचं. दोन, मला लग्नापासून ओळखणाऱ्या कुणीतरी शपथेवर सांगायचं की या दोन्ही बाया एकच; मग जुनं नाव राहील आणि कागदात नव्याचं उर्फ लागेल. उर्फ! आमच्या वर्तमानपत्रांत उर्फ फक्त दरोडेखोरांना असतं. "तुम्हाला कुठलं नाव हवंय?" त्यांनी विचारलं, चहा की कॉफी विचारावं तितक्या सहज. मान वर करूनही बघितलं नाही. मला एकदम रडू आल्यासारखं झालं. हा प्रश्न मला आजवर कुणी विचारलाच नव्हता.

"लग्नातलंच," नवरा म्हणाला. "काय फरक पडतो?"

"फरक पडत नसेल तर जुनं घालू या."

"तसं नाही गं..."

कसं, ते त्याला सांगता येईना. आईला वाईट वाटेल, एवढंच त्याचं म्हणणं होतं. तेही खोटं नव्हतं. पण मुलीचं नाव बदलताना तिच्या आईला काय वाटतं, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नव्हतं. मी सांगून टाकलं, घरावर माझं नाव लागेल तर ते माझं लागेल, नाहीतर हौगांगचा फ्लॅट राहू दे. नवऱ्याचं जहाज पुढच्याच आठवड्यात सुटणार होतं आणि फ्लॅटवर दुसरं गिऱ्हाईक टपून होतं.

अडचण एवढीच, की खरेदीदार म्हणून नवऱ्याची शपथ चालत नव्हती आणि आमच्या लग्नाला हजर असलेलं, शपथ घेऊ शकेल असं सिंगापुरात एकच माणूस होतं. सासूबाई.

"ते नाव माहेरी राहिलं," त्या म्हणाल्या. "आता कशाला उकरून काढायचं?"

"आई, तुम्ही नाही आलात, तर तुमचा मुलगा कायद्यानं परक्या बाईबरोबर घर घेतोय."

हे मात्र त्यांना चालण्यासारखं नव्हतं. इस्त्रीची इंदुरी साडी नेसून, केस चापून बसवून त्या आल्या, पण सबंध वाटेत फक्त मुलाशी बोलल्या.

शपथ देणारे अधिकारी म्हणजे एक वयस्कर तमिळ गृहस्थ होते. त्यांनी सावकाश इंग्रजीत विचारलं, ही बाई तुमची सून आहे का, आणि लग्नाआधी तिचं नाव काय होतं. सासूबाई जुन्या मॅट्रिक, इंग्रजी त्यांना सगळं समजायचं. त्यांनी पदर नीट केला. मग त्यांनी माझं नाव घेतलं. माझं, पाळण्यातलं. सून झाल्यापासून त्यांच्या तोंडून ते मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि उच्चार अगदी माझ्या आईसारखा होता.

मी सुटकेचा निःश्वास टाकला. संपलं, असं वाटलं. पण त्या गृहस्थांना साक्षीदाराचीही माहिती लिहायची होती. "तुमचं दुसरं काही नाव, मॅडम? एलियस?" एलियस म्हणजे उर्फच.

"नो, नो," नवरा घाईनं म्हणाला. तो उठून उभाही राहिला होता.

"येस," सासूबाई म्हणाल्या. "हॅव."

नवरा परत बसला. त्या गृहस्थांनी स्पेलिंग विचारलं. सासूबाईंनी एकेक अक्षर सांगितलं, कुठेही न अडखळता, मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर असेल तसं. सुरेख, छोटंसं नाव होतं. इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, जणू मला माहीत असणार. मला कुठून माहीत असणार? मी तर सून.

वकीलबाईंच्या फायलीत आता दोन उर्फ झाली. फ्लॅट आमच्या दोघांच्या नावावर होणार हे नक्की झालं, आणि त्यातलं एक नाव माझं होतं.

परतताना एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, सासूबाईंना खिडकीपाशी जागा मिळाली. नवरा त्यांच्यासमोर कडी धरून उभा होता. त्यानं कडीवरचा हात बदलला. मग म्हणाला, "आई, तू कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

"पण मग बदललं कुणी?"

"तुझ्या आजीनं. तुझ्या बाबांच्या नावाला शोभत नव्हतं म्हणे."

दोन स्टेशनं गेली. मग त्यानं विचारलं, "आणि बाबा तुला कुठल्या नावानं हाक मारायचे?"

सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर ओळीनं फ्लॅटच फ्लॅट होते.

"ते?" त्या म्हणाल्या. "ते 'अगं' म्हणायचे."