मोराचा टाय

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून कुणीच ऐकलेली नाही — बायकोनंसुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण मनाचा हिय्या केलाय. उद्यापर्यंत तो टिकेल न टिकेल, म्हणून आजच.

मी औषध कंपनीचा एमआर, डॉक्टरांच्या दवाखान्यांतून फिरणारा. सोलापूरच्या उन्हाळ्यात बनियनसुद्धा नकोसा होतो, आणि आम्हाला टाय सक्तीचा. नोकरी लागली तेव्हा थोरल्या भावानं, अण्णानं, आपल्या मागावर माझ्यासाठी टाय विणला. चादरी विणणारा माणूस तो, चादरीसारखाच विणणार की. मरून रंगावर पोपटी मोर. टायचं कापड तिरकं कापतात म्हणे. अण्णानं वाया जाईल म्हणून सरळ कापलं. त्यामुळं टायला पीळ पडायचा, आणि गाठ मुठीएवढी. कुठल्या शर्टावर घालायचा, सांगा? पांढऱ्यावर घातला तर मी बँडवाला दिसायचो. निळ्यावर तर बघवतच नव्हतं.

रोज तो घालून निघायचो — अण्णा दारात उभा राहून बघायचा ना — आणि चौकात गाडी थांबवून डिकीतला साधा निळा टाय चढवायचो. इथवर ठीक होतं. म्हणजे, ठीक कसलं? पण निदान कुणाचं नुकसान नव्हतं.

मग एकदा त्यानं विचारलं, डॉक्टर काय म्हणतात? मी म्हणालो, लई आवडला, कुठून घेतला विचारतात.

का म्हणालो? त्याला बरं वाटावं म्हणून? छे. मला विषय संपवायचा होता.

अण्णानं ते खरं मानलं. व्यापाऱ्याची चादरींची ऑर्डर परत केली, टायच्या नक्षीसाठी मागावर लावायची नवी भोकांची कार्डं करून घेतली आणि सहा महिने टायच विणले. तेव्हा तरी बोलायचं — रोज शेजारी जेवायला बसत होतो. एकाही दुकानदारानं ते घेतले नाहीत. व्यापारी दुसरीकडं गेला. माग विकावा लागला. आज पन्नाशीत अण्णा दुसऱ्याच्या कारखान्यात शिफ्टला जातो.

आणि तो दोष कुणाला देतो माहितेय? स्वतःला. पाहुण्यारावळ्यांना सांगतो, "डाक्टर लोकांना आवडला हुता की. मलाच धंदा जमला न्हाय." मी तिथंच बसलेला असतो, चहा पीत.

रविवारी त्याला सुट्टी असते. सगळे जेवायला बसले की वहिनी आणि पोरांसमोर सांगणार आहे — अण्णा, एकाही डॉक्टरनं तो टाय बघितलेला नाही, मी खोटं बोललो. त्यापुढं एक शब्द जोडणार नाही.