सहा कोंबडे आणि उचललेला भंडारा

आमच्या घरात कोंबड्या पाळायचं कुणीही ठरवलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे झालं त्यात कुणी माझी हौस किंवा माझं शहाणपण शोधत बसणार नाही. मी मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. मशीनवरून उतरलेला नग हातात घ्यायचा आणि चालेल की नाही ते सांगायचं, हे माझं काम. सव्वीस वर्षं मी खरं-खोटं, बरं-वाईट पारखून पोट भरतो आहे. आणि तरीही अंड्यातून निघालेल्या सहा पिल्लांत कोंबड्या किती आणि कोंबडे किती, हे मला चार महिने कळलं नाही.

सुरुवात एका कोंबडीनं झाली. आमच्या रांगेच्या टोकाला एक बंगला बांधला जात होता आणि दाहोदकडचं एक मजूर कुटुंब तिथंच पत्र्याच्या खोपटात राहत होतं. होळीला ते सगळे गावी निघाले, तेव्हा त्यातली बाई एक तांबूस गावरान कोंबडी काखेत मारून आमच्या फाटकाशी आली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "बेन, आठ दिवस सांभाळा." आठ दिवस गेले, महिना गेला. ते कुटुंब काही परतलं नाही. बंगला दुसऱ्याच लोकांनी पुरा केला.

बायकोचं आणि कोंबडीचं मात्र जमलं. मुलगी शिकायला पुण्याला गेल्यापासून बायको संध्याकाळी मागच्या अंगणात एकटीच बसायची. आता दोघी बसायला लागल्या. कोंबडी तिच्या मांडीवर चढून चपलेच्या पट्ट्याला चोची मारायची आणि बायको तिला दिवसभराचं सगळं सांगायची. रोज एक अंडं घालायचं आणि त्याबद्दल अर्धा तास भाषण ठोकायचं, हा त्या कोंबडीचा स्वभाव. बायको म्हणे, "अगदी तुमच्यावर गेलीय. फरक एवढाच की ती आधी अंडं घालते."

वैशाखात ती खुडूक झाली. म्हणजे रिकाम्या जागेवर फुगून बसली आणि उठेना. बायकोला तिची दया आली आणि तिनं मला कामाला लावलं. कारखान्यातल्या एकाकडे घरच्या कोंबड्या होत्या. त्याच्याकडून मी बारा अंडी आणली, स्कूटरवरून, मांडीवर डबा घेऊन, खड्डे चुकवत. ती तिच्याखाली रवणीला, म्हणजे उबवायला, घातली. एकवीस दिवसांनी आठ पिल्लं निघाली. एक मांजरानं नेलं, एक घारीनं. सहा उरली.

आता शेजारच्या बा आल्या पाहिजेत. आमच्या दोन अंगणांत छातीएवढी भिंत आहे आणि भिंतीपलीकडे सत्तरी ओलांडलेल्या जैन बा एकट्या राहतात. त्या गुजरातीत बोलतात, मी मराठीत बोलतो. पंधरा वर्षांत दोघांचंही काही अडलेलं नाही. सूर्यास्ताआधी जेवतात, पाणी गाळून पितात आणि मुंगी दिसली तर पाऊल उचलून उभ्या राहतात. आमच्या ताटात काय असतं हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मटण-मासळीच्या दिवशी आम्ही खिडक्या लावून घेतो आणि बा तेव्हा खिडकीकडे येत नाहीत. अशी आमची रीत.

पिल्लं पंधरा दिवसांची झाली, तेव्हा बा भिंतीशी आल्या. आईच्या पंखाखालून सहा डोकी बाहेर आलेली पाहून त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आपणच घातली आहेत अंडी. बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, "भाई, मोठी झाल्यावर यांचं काय करणार?"

साधा प्रश्न होता. साधं उत्तर द्यायचं. "बघू," असं कुणीही म्हणालं असतं. पण समोर एक हळवा श्रोता, मागे बायको, पायाशी पिल्लं. माझ्यासारख्या, नाट्यमंडळात कामं करणाऱ्या माणसाला एवढा रंगमंच पुष्कळ होता. मी आत गेलो, देवघरातून खंडोबाचा भंडारा आणि सोमवारचं वाळलेलं बेलाचं पान घेऊन आलो, ते ओंजळीत धरून भिंतीसमोर उभा राहिलो. आमच्या घराण्यातले लोक संस्थानच्या फौजेत होते. पगाराला उशीर झाला तरी बेल-भंडारा उचलून दिलेला शब्द मोडत नसत, असं माझे वडील सांगत. मी म्हणालो, "बा, यातल्या एकालाही मी मारणार नाही." बा गहिवरल्या. तिथं थांबायचं. पण त्यांचे डोळे भरलेले दिसले आणि माझा आवाज आणखी चढला. "विकणार नाही." बांनी हात जोडले. "आणि खाणार नाही."

बायको मागून हळूच म्हणाली, "झालं का? की चौथं पण आहे?"

चार महिने मजेत गेले. मग एका सकाळी एक पिल्लू आरवलं. आवाज फुटलेला, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा. मला कौतुक वाटलं. दुसऱ्या आठवड्यात दुसरं आरवलं. तुरे लाल होत गेले, शेपट्या वळल्या, आणि नवरात्र येईपर्यंत मी तपासणी विभागातला माणूस अंगणात उभा राहून मोजत होतो. सहाच्या सहा कोंबडे.

मला हसू आलं होतं, हे कबूल करतो. पहाटे पाचला एकानं सुरू करायचं, बाकी पाचांनी त्याला खोडून काढायचं. आमची नाट्यमंडळाची बैठकसुद्धा इतकी रंगत नाही. पण दिवाळी जवळ आली आणि माझं हसू गेलं. कारण कोंबडी एक होती आणि कोंबडे सहा. ज्यांनी कोंबड्या पाळल्या आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांनी नाही, त्यांच्यासाठी एवढंच की एक उतरला की दुसरा तिच्या पाठीवर चढायचा. तिनंच पंखाखाली वाढवलेले. आधी पाठीवरची पिसं गेली, मग मानेवरची, मग कातडी फाटली.

आम्ही काय नाही केलं. तिला डालग्याखाली ठेवली, तर तिनं खाणं सोडलं. अंगणात जाळी लावून दोन भाग केले, तर कोंबडे जाळीवरून उडून तिच्याकडे आले. तिला स्वयंपाकघरात घेतली, तर सहाही दाराशी येऊन उभे राहिले आणि आपसांत मारामाऱ्या करून उंबऱ्यावर रक्त सांडलं. बायको रोज तिच्या पाठीला हळद लावायची. एके दिवशी जखमेत अळी दिसली आणि आम्ही तिला टॉवेलात गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेली.

डॉक्टर तरुण होते. जखम धुतली, मलम दिलं आणि विचारलं, "कोंबडे किती आहेत?"

"सहा."

"कमी करा. नाहीतर ही पंधरा दिवससुद्धा काढणार नाही."

"कमी म्हणजे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "साहेब, कमी म्हणजे कमी."

घरी येताना बायको मागे कोंबडी मांडीवर घेऊन बसली होती. सुसेन सर्कलपाशी सिग्नलला थांबलो, तेव्हा ती म्हणाली, "ही मेली तर मी दुसरी आणायची नाही हं." एवढंच. रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

मारायचे नाहीत, विकायचे नाहीत. म्हणून मी ते फुकट द्यायला निघालो. सहा देखणे कोंबडे, सांभाळणाऱ्याला मोफत. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत मी त्यांचं असं वर्णन केलं की एखादं स्थळ सुचवतोय असं वाटावं. पहिल्यानं विचारलं, "वजन किती?" दुसऱ्यानं विचारलं, "रविवारी मिळतील का?" तिसऱ्यानं काहीच विचारलं नाही, फक्त घरी फोन करून कांदे आणून ठेवायला सांगितलं. मी प्रत्येकाला बजावलं की पाळायचे आहेत. ते सगळे माझ्याकडे फार सहानुभूतीनं पाहायला लागले. भाकड, जखमी जनावरं सांभाळणाऱ्या एका पांजरपोळात फोन केला, तर तिथले गृहस्थ म्हणाले, "गाय असेल तर आणा." मी म्हणालो, गाय नाही. ते म्हणाले, "मग बकरा?" मी फोन ठेवला.

कोंबडी आता उभी राहत नव्हती. बायको तिला चमच्यानं पाणी पाजत होती.

अशा एका दुपारी बा भिंतीशी आल्या. एरवी आम्ही कोंबडीला त्यांच्या नजरेआड ठेवायचो, पण त्या दिवशी मलम लावायला ती बाहेर उन्हात होती. बांनी ती उघडी, लाल पाठ पाहिली. भिंतीवर हात ठेवून त्या आणखी पुढे वाकल्या.

"आ कोणे कर्युं?" त्यांनी विचारलं. हे कुणी केलं.

बायकोनं अंगणातल्या सहांकडे बोट केलं. त्यातला एक तेव्हाच खुराड्यावर चढून मान ताठ करून आरवला. बांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मलमाच्या डबीचं झाकण लावायला लागलो.

संध्याकाळी त्या फाटकातून आल्या. पंधरा वर्षांत भिंत सोडून फाटकातून आल्या तेव्हा कुणाचं तरी लग्न किंवा मरण होतं. बसल्या नाहीत. म्हणाल्या, "भाई, कार्तिकी पौर्णिमेला पालिताण्याला यात्रेला जातेय. मुलगी नेणार आहे. शनिवारी निघेन, मंगळवारी येईन." मग जरा थांबून, "चार दिवस मी इथं नाही. मला काही दिसणार नाही, ऐकू येणार नाही. एटलुंज कहेवा आवी हती." एवढंच सांगायला आले होते.

त्या गेल्यावर मी बायकोला म्हणालो, "बांनी सोडवलं."

"बांनी सोडवलं," ती म्हणाली. "भंडारा काय बांचा होता?"

मी देवघरासमोर जाऊन उभा राहिलो. खंडोबापुढे मी पुष्कळ नाटकं केली आहेत, नवस बोललो आहे, सवलती मागितल्या आहेत. त्या दिवशी फक्त दिव्यात तेल घातलं. मागे कोंबडीचा घशातला आवाज येत होता. शेवटी मी पिशव्या शोधायला लागलो.

रविवारी सकाळी दोन खेपांत सहा कोंबडे तरसालीकडच्या एका चिकनच्या दुकानात पोहोचवले. पाय बांधलेले, पिशवीतून तोंडं बाहेर, स्कूटरवर माझ्या पायाशी. वाटेत एक आरवला आणि सिग्नलवरची सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. दुकानदार म्हणाला, "कितने में देंगे?" मी म्हणालो, विकायचे नाहीत, असेच घ्या. तो एकदम मागे सरकला. "फ्री में क्यों? बीमार हैं क्या?" आता शपथेतली एक ओळ तरी राखावी म्हणून मी धडपडतोय, आणि हा माणूस त्यांच्या चोची उघडून घसा तपासतोय. मीही तपासणी विभागातलाच. दहा मिनिटं उभा राहून मी त्याला पटवून दिलं की हे सहा कोंबडे अत्यंत निरोगी आहेत, कण्या आणि ज्वारीवर वाढलेले आहेत, एकाही दिवशी आजारी पडलेले नाहीत. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत चांगलं भाषण असेल. त्याला पटलं. खुश होऊन म्हणाला, "एक तो बनवा के ले जाइए, साहब." मी स्कूटरला किक मारली. पहिल्या किकेला ती कधीच सुरू होत नाही. त्या दिवशी सातव्या किकेला झाली. तोवर तो हाका मारत होता, आणि आतून आवाज येत होते.

सोमवारी पहाटे पाचला आम्ही दोघं जागे झालो. काहीच ऐकू येत नव्हतं. बायको उठली, स्वयंपाकघरात गेली, कोंबडी आहे का ते पाहून आली आणि परत पडली.

मंगळवारी बा आल्या. मी तीन वेगवेगळी उत्तरं तयार ठेवली होती. त्या भिंतीशी आल्या, रिकामं खुराडं पाहिलं, पायरीवर उन्हात बसलेली कोंबडी पाहिली. आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "गावाला पाठवले ना?"

"हो," मी म्हणालो.

"सारुं कर्युं." म्हणजे चांगलं केलं. "कुठल्या गावाला?"

"मामाच्या. सांगलीकडे."

माझा एकही मामा सांगलीकडे नाही. माझा एकही मामा आता हयात नाही.

बांनी मान हलवली आणि गेल्या. मला वाटलं, सुटलो. पण रविवारी त्या पुन्हा भिंतीशी. "मामाकडे सगळे मजेत?" मी म्हणालो, मजेत. पुढच्या रविवारी: "तिकडे थंडी जास्त असेल, आत घेतात ना?" घेतात, बा. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी पाच किलो ज्वारीची पिशवी भिंतीवर ठेवली. "कुणी जाणारं असेल तर पाठवा." ती पिशवी आमच्या ओट्याखाली आहे. बायको तिला हात लावत नाही आणि मलाही लावू देत नाही.

कोंबडीची पाठ भरली. नवी पिसं आली, जरा फिकट रंगाची. ती अजून अंडं घालत नाही, पण बायकोच्या मांडीवर चढते. तेवढ्यावर आमच्या घरात समाधान आहे.

मी मात्र दर रविवारी सकाळी भिंतीशी उभा असतो. आता बा सगळ्यांचं एकत्र विचारत नाहीत, एकेकाची चौकशी करतात: तो काळा, तो मोठ्या तुऱ्याचा, तो मारामारीत लंगडा झालेला. आणि मी सांगतो. मामाची विहीर सांगतो, गोठा सांगतो, काळ्यानं कुत्र्याला कसं पळवलं ते सांगतो. सांगताना रंगतो, हा माझा दोष. पण मागच्या आठवड्यात मला थकवा आला. कधीतरी हे संपवायला हवं, एकेकाला हळूहळू मार्गी लावायला हवं, असा विचार करून मी आवाज खाली आणला आणि म्हणालो, "बा, तो लंगडा जरा आजारी आहे. मामा म्हणतात, काही खरं नाही त्याचं."

बा माझ्याकडे पाहत राहिल्या. पालिताण्याच्या डोंगरावरून आल्यापासून त्यांचा गुडघा दुखतो, म्हणून भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत ना आश्चर्य होतं, ना राग.

"ना, भाई," त्या म्हणाल्या. "त्याला औषध द्या. बरा करा. आणि मला रविवारी सांगा."