दुरडीवाल्या बायकांचा ट्रस्ट

आमच्या कळस गावात कुणाच्या घरी मयत झाली, की त्या घरची चूल बंद राहते आणि आमच्या सात-आठ जणींच्या चुली पेटतात. पिठलं-भाकरी करायची, दुरडीत भरून वर फडकं झाकायचं, पाहुण्यारावळ्यांना जेवू घालायचं आणि मुकाट निघायचं. दुःखाच्या घरातून ‘येते’ म्हणून निघत नाहीत, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. आमच्या मंडळाला साधं नावही नव्हतं.

मग मोठी पातेली ठेवायला ग्रामपंचायतीची रिकामी खोली मागितली, तर ती नोंदणी केलेल्या संस्थेलाच मिळते असं कळलं. ट्रस्ट नोंदवायला गेलो, तर बारामतीचे वकील म्हणाले, “विश्वस्त सगळे एकाच आळीतले नकोत. गाव ज्याचं ऐकतं असं एक तरी माणूस घ्या.” भाकरीला विश्वस्त लागतो, हे मला नवीनच होतं.

असं माणूस म्हणजे पलीकडच्या आळीतले तात्या, निवृत्त मुख्याध्यापक. पण बायको गेल्यापासून आम्ही रस्त्यात दिसलो की ते मान वळवायचे. “त्यांना नगं इचारायला,” मैत्रिणी म्हणाल्या. मला मात्र राहवेना. आमच्या हातचं जेवलेल्या माणसानं आमच्याकडं पाठ का फिरवावी? खोटं कशाला सांगू, खोलीइतकंच मला ते कारण हवं होतं.

रविवारी सगळ्या मिळून निघालो. रिकाम्या हाती कसं जायचं, म्हणून धपाटी केली, दुरडीत भरली आणि सवयीनं वर फडकं टाकलं. त्यांच्या आळीत शिरलो तशा बायका डोक्यावर पदर घेऊन दारात आल्या. शेजाऱ्यानं तात्यांच्या बारामतीच्या मुलाला फोन लावला. आम्हाला काही उमगेना.

दार तात्यांनीच उघडलं. दुरडीकडं बघून म्हणाले, “कोण गेलं?”

“कुणी न्हाय, तात्या. तुमाला विश्वस्त करायला आलोय.”

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. “जित्ता हाय मी,” ते मुलाला म्हणाले. “धपाटी आल्यात.”

मग हसत सगळ्या आत बसलो. मी सरळच विचारलं, “तात्या, आमच्यावर राग हाय का?”

त्यांनी धपाट्याचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. “राग न्हाय. ती गेली तवा तुमी रोज आलात. रोज न बोलता गेलात. मग एक दिवस आलाच न्हाय. मी आपला दाराची कडी काढून बसायचो.”

रीत आम्ही नीट पाळली होती. ती संपल्यावर काय करायचं, ते कुणी सांगितलंच नव्हतं.

“कागद आना, सही करतो,” तात्या म्हणाले.

निघताना आम्ही सवयीनं मुकाट चपला घालू लागलो. तात्या चौकटीला धरून उभे होते. मी वळले आणि म्हणाले, “येते, तात्या.” मागून एकेक जण म्हणत गेली, येते, येते.

“व्हय, या,” ते म्हणाले. “पर दुरडीवर फडकं नगं.”