समजलं का? छान!

अमरावती-अकोला एसटीत शेजारी बसलेल्या त्या मावशींचं नाव मी विचारलंच नाही. त्यांच्या मांडीवर टोपलं होतं आणि त्यात विकायच्या राहिलेल्या सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, दोन जुड्या. बाटलीतलं पाणी तळहातावर घेऊन त्या जुड्यांवर शिंपडत होत्या.

मी लॅपटॉपवर माझाच ऑनलाइन कोर्स तपासत होतो. नवशिक्यांना प्रोग्रामिंग शिकवतो मी. पोरं अर्ध्यातून पळतात, म्हणून कोर्स बोलका करायला दर दोन मिनिटांनी एक प्रश्न घातला होता. कल्पना माझीच, कौतुकही माझंच. इअरफोन मात्र घरी विसरलो होतो.

“व्हेरिएबल म्हणजे डबा. त्यात आपण माहिती ठेवतो. समजलं का?” पडद्यावरून मी विचारलं.

“नाई,” मावशी म्हणाल्या.

“छान! पुढे जाऊ या,” पडद्यावरचा मी हसलो.

मावशींचा हात थांबला. “नाई म्हनलं नं मी. हा आयकत काहून नाई?”

“ते आधीच रेकॉर्ड केलंय, मावशी.”

“मंग इचारते कायले?”

उरलीसुरली मास्तरकी सांभाळत मी म्हटलं, “बरं, काय समजलं नाही?”

“डब्यात पयलेच काई असन तं?”

हा प्रश्न माझ्या कोर्समध्ये सातव्या धड्यात येतो. तिथवर अजून एकही विद्यार्थी पोचलेला नाही. मावशी मूर्तिजापूर यायच्या आत पोचल्या.